टोपीची पिन ते पी०ए९३: गाडीतला बिघाड शोधण्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? चला तर मग, थेट ऑगस्ट १८८८ मध्ये. जर्मनीतलं मानहाइम शहर. बर्था बेंझ या बाई नवऱ्याला न सांगता त्यानेच बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढतात. सोबत दोन मुलं, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. जायचंय माहेरी, फॉर्त्सहाइमला. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. मोटारीने इतक्या लांब तोपर्यंत कुणी गेलेलंच नव्हतं.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, बर्थाबाईंनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं, तर मोजे वर धरून ठेवायची स्वतःची पट्टी काढून तारेभोवती गुंडाळली. आणि पाणी? ते तर सारखंच भरावं लागत होतं, कारण त्या इंजिनाची उष्णता पाण्याची वाफ होऊनच बाहेर जायची.

म्हणजे बघा, आजच्या भागातली दोन्ही पात्रं पहिल्याच लांबच्या प्रवासात हजर आहेत: इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि दगा देणारी तार. फक्त तेव्हा त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तो यायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

मधला काळ पटकन सांगतो. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाण्याचा पंप होता, पुढे तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येतं, एवढ्यावर भागायचं. पण इंजिनं ताकदवान झाली तसं हे पुरेना. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप सगळीकडे रुळला. तो बिघडला की मेकॅनिकला कळायचं. पाणी गळायचं, बेअरिंग आवाज करायचं, पट्टा तुटलेला दिसायचा.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस विकायला आली आणि गणित बदललं. हायब्रिड गाडीचं इंजिन सिग्नलला बंद होतं. पण मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर तापतच असतो. इंजिनच फिरत नसेल तर पट्ट्याचा पंप फिरणार कसा? म्हणून इन्व्हर्टरसाठी वेगळा, विजेवर चालणारा कूलंट पंप आला. २००४ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने एन५२ या साध्या पेट्रोल इंजिनालाही विजेचा पंप दिला.

फायदा झालाच. पण पट्ट्याच्या जागी आता बॅटरी, फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर, मोटर आणि अर्थिंग अशी अख्खी साखळी आली. यातली एक कडी सुटली तरी पंप थांबणार, आणि बाहेरून काहीच दिसणार नाही.

मग कळणार कसं? अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्कॅनर लावला की कोड मिळतो. आपला आजचा कोड आहे पी०ए९३, म्हणजे इन्व्हर्टरचं थंड होणं नीट चालत नाहीये.

इथेच लोक फसतात. मी दिवसभर सॉफ्टवेअरचे लॉग वाचतो, त्यामुळे हा सापळा ओळखीचा आहे. एरर कुठे उमटली हे लॉग सांगतो, ती का आली ते सांगेलच असं नाही. पी०ए९३ ‘पंप बदला’ असं म्हणत नाही, ‘इन्व्हर्टर बदला’ असं तर मुळीच नाही. ताप आलाय एवढंच सांगतो. मलेरिया की फ्लू, हे आपण शोधायचं.

दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये पहिली तपासणी फुकट आहे. गाडी थंड असताना इन्व्हर्टरच्या कूलंट टाकीचं झाकण उघडायचं, गाडी ‘रेडी’ करायची आणि आत बघायचं. पाणी खळबळतंय? पंप चालतोय. निवांत आहे? मग फ्यूज, रिले, आणि त्यानंतर पंपाच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज. (जाड नारिंगी वायरना मात्र हात लावायचा नाही. तिथला दाब जीवघेणा असतो.)

आता खरी गंमत. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट आले, म्हणजे वायर चांगली? नाही! मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरचा एकच धागा उरला असेल तरी तो १२ दाखवेल. समजा पंप ४ अँपिअर घेतो. मोटरला साधा रोध धरलं तर तो ३ ओहम झाला. गंजलेल्या जोडात आणखी १ ओहम वाढला, की करंट ३ अँपिअरवर येतो आणि पंपाला मिळतात फक्त ९ व्होल्ट. म्हणून पंप जोडलेला ठेवून, चालू स्थितीत मोजायचं. अर्थिंगच्या बाजूलाही.

हा मल्टिमीटर आला कुठून? ब्रिटिश पोस्टातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी वेगवेगळी मीटर वागवून कंटाळले होते. अँपिअर, व्होल्ट, ओहम एकाच डब्यात मोजणारा त्यांचा ‘ॲव्हो’ १९२३ साली बाजारात आला.

आणि हे सगळं किरकोळ समजू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोयोटाने याच विजेच्या पंपासाठी जगभरातून सहा लाखांहून जास्त हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. पंपाच्या मोटरमधल्या गुंडाळीची तार गंजू शकत होती. बहुतेक वेळा फक्त दिवे लागले असते, पण क्वचित शॉर्ट होऊन फ्यूज उडाला असता आणि चालती गाडी बंद पडली असती. अशा वेळी ‘फ्यूजच उडालाय, नवा टाकू’ म्हणणारा मेकॅनिक आणि ‘फ्यूज का उडाला?’ विचारणारा मेकॅनिक, यांत हायवेवर फार मोठा फरक पडतो.

बर्थाबाईंची तार उघडी होती, म्हणून बिघाडही उघडा होता. आपली तार प्लॅस्टिकच्या आवरणाखाली लपली आहे. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजवाल्याने कोड वाचून लगेच बिल काढलं, तर एकच प्रश्न विचारा: “दादा, पंप चालू असताना व्होल्टेज किती आला?”

उत्तर आकड्यात आलं, तर गाडी बिनधास्त सोपवा. भेटू पुढच्या भागात!