ग्रॅहम काउंटी : कॅन्ससच्या माळरानावरील निकोडेमस

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात ग्रॅहम काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणारा प्रशासकीय विभाग; मात्र लोकसंख्येच्या दृष्टीने ही तुलना येथे टिकत नाही. सुमारे २,३०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या काउंटीत २०२० च्या जनगणनेनुसार अवघी २,४१५ माणसे राहतात. १९१० मध्ये हाच आकडा ८,७०० होता. गहू, ज्वारी, गुरे आणि थोडेफार खनिज तेल यांवर येथील अर्थव्यवहार चालतो. सॉलोमन नदीची दक्षिण शाखा काउंटीतून वाहते. अमेरिकी यादवी युद्धात १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत मारला गेलेला कॅप्टन जॉन ग्रॅहम याचे नाव या प्रदेशाला मिळाले. १८६७ मध्ये काउंटीच्या सीमा आखल्या गेल्या. प्रत्यक्ष कारभार १८८० मध्ये सुरू झाला.

अशा काउंट्या मध्य अमेरिकेत कितीतरी सापडतील. ग्रॅहम काउंटीचे वेगळेपण आहे ते निकोडेमस या चिमुकल्या गावात.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी हे गाव १८७७ मध्ये वसविले. त्याच वर्षी दक्षिणेतील राज्यांतून केंद्राचे उरलेसुरले सैन्य मागे घेण्यात आले आणि कृष्णवर्णीयांच्या नव्या हक्कांना असलेले संरक्षणही संपुष्टात आले. दुसरीकडे, १८६२ च्या होमस्टेड कायद्यामुळे पश्चिमेकडील १६० एकर सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे होऊ शकत होती. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-प्रवर्तक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी काही सहकाऱ्यांसह कंपनी स्थापून केंटकीत पत्रके वाटली. १८७७ च्या सप्टेंबरात सुमारे तीनशे जणांचा मोठा जथा आला.

पत्रकांतील वर्णन आणि प्रत्यक्ष भूमी यांत मोठे अंतर होते. एलिस या रेल्वे स्थानकापासून पुढील पन्नासेक किलोमीटरचा मार्ग बहुतेकांनी पायी तुडविला. १८७८ मध्ये आलेल्या एका जथ्यात विलियाना हिकमन होत्या. प्रवासात मुलांना गोवर निघाला आणि काही मुले दगावली. अखेर पतीने समोर बोट दाखवून ‘हेच निकोडेमस’ असे सांगितले, तेव्हा विलियाना यांना दिसला तो केवळ जमिनीतून निघणारा धूर. लाकूड नसल्याने लोक उतारांत खड्डे खणून राहत होते. ते पाहून त्यांना रडू कोसळले. काही कुटुंबांनी तर आल्या पावली परतीची वाट धरली. राहिलेल्यांपाशी घोडे व नांगर नावापुरतेच होते. कुदळ-फावड्याने पहिली जमीन फोडण्यात आली. त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्याजवळचे अन्न दिले, ही आठवण गावाने जपली आहे.

पुढील दशक भरभराटीचे ठरले. झकेरी फ्लेचर पहिला पोस्टमास्तर झाला, त्याची पत्नी जेनी पहिली शिक्षिका. १८८० मध्ये या दांपत्याने सेंट फ्रान्सिस हॉटेल उभारले. ‘वेस्टर्न सायक्लोन’ व ‘निकोडेमस एंटरप्राइज’ अशी दोन वृत्तपत्रेही निघाली. एडवर्ड मॅकेब हा येथील तरुण काउंटीचा क्लार्क झाला आणि १८८२ च्या निवडणुकीत कॅन्ससचा राज्य लेखापाल म्हणून निवडून आला. त्या राज्यात राज्यस्तरीय पद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम सतरा वर्षे झाली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

गावाचा घात केला तो रेल्वेने. माळरानावरील गावांचे भवितव्य त्या काळी रुळांवरच ठरत असे. रेल्वे यावी म्हणून निकोडेमसकरांनी १८८७ मध्ये मतदान करून १६ हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. एवढ्या लहान वस्तीसाठी ही रक्कम डोईजड होती. रेल्वे मात्र आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीचा मार्ग नदीपलीकडून, काही किलोमीटर अंतरावरून गेला आणि तेथे बोग हे नवे गाव उभे राहिले. निकोडेमसचे व्यापारी तेथे निघून गेले. काहींनी तर आपल्या इमारतीही सोबत नेल्या.

काउंटीच्या मुख्यालयाचा प्रश्नही याच सुमारास निकाली निघाला. आधीचे मुख्यालय मिलब्रुक १८८७ च्या ऑगस्टमध्ये चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले आणि १८८८ मध्ये तो मान हिल सिटीला मिळाला. हे शहर निकोडेमसच्या त्याच हिलने वसविलेले आणि त्याच्याच नावाचे. प्रवर्तकाचे दुसरे गाव तगले, पहिले खंगत गेले, असे म्हणावे लागते.

१९३० च्या दशकातील मंदी आणि धुळीच्या वादळांनी उरलीसुरली शेतीही मोडली. १९५० पर्यंत गावात १६ माणसे राहिली होती. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले. तरीही गाव नकाशावरून पुसले गेले नाही. गुलामगिरीच्या अंताचे स्मरण म्हणून १८७८ पासून येथे मुक्तिदिन साजरा होतो. १ ऑगस्ट १८३४ रोजी वेस्ट इंडिजमध्ये लागू झालेल्या मुक्तीशी त्याची तिथी जोडलेली. आता ‘होमकमिंग’ या नावाने तो जुलैच्या अखेरच्या शनिवार-रविवारी भरतो. दूरदूरच्या शहरांत स्थायिक झालेली पहिल्या वसाहतकारांची वंशजमंडळी तेव्हा मुलाबाळांसह परततात. मिरवणूक, सामूहिक भोजन आणि चर्चमधील प्रार्थना होते. येथेच जन्मलेले आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने पहिल्याच फेरीत निवडलेले व्हेरिल स्विट्झर (निधन २०२२) हे या गावाचे विख्यात सुपुत्र.

वंशजांच्या पाठपुराव्यामुळे १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि १९३९ मध्ये बांधलेले टाउनशिप सभागृह या पाच वास्तू त्यात येतात. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १४ नोंदली गेली.