अपत्याच्या पोटगीची रक्कम : मावळच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विभक्त पालकांच्या अपत्यास पोटगी किती मिळावी, या प्रश्नाआधी ती कोठे मागावी, हा प्रश्न मावळात महत्त्वाचा होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ नुसार अर्ज पती राहत असेल किंवा दांपत्याचे अखेरचे एकत्र वास्तव्य असेल, त्या जिल्ह्यातच करावा लागे. पती मुंबईस आणि पत्नी मुलांसह लोणावळ्यास माहेरी, अशा स्थितीत तिला बोरघाट उतरूनच न्याय मागावा लागे. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या कलम १२६ ने पत्नीचे वास्तव्यस्थळही ग्राह्य धरले. वडगाव मावळचे न्यायालय तिच्या आवाक्यात आले.

रकमेवरील बंधन मात्र टिकले. १९५५ मध्ये ठरलेली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा कलम १२५ मध्येही आली. ती प्रत्येक अर्जदारास स्वतंत्रपणे लागू होते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये लावला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १५०० रुपये केली. २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती रद्द झाली.

मर्यादा गेली, तरी उत्पन्न लपविण्याची वाट उरली. नागपूर येथील कौटुंबिक न्यायालयातून उद्भवलेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांस उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरविली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पूर्वी कायद्याने आखलेल्या आकड्याची जागा आता अपत्याची गरज आणि पालकाची ऐपत यांनी घेतली आहे. ती ऐपत न्यायालयापुढे खरी मांडली जाणे, हीच आजची कसोटी होय.