वीज पडलेली मोटार आणि बोरघाटाच्या पायथ्याची कारागिरी

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले असल्याने वळवाच्या दिवसांत आणि पुढे परतीच्या पावसात तेथे विजांचा कडकडाट मोठा असतो. भर पावसाळ्याच्या संततधारेत तो बराच ओसरलेला असतो. वीज पडलेली मोटार दुरुस्त करणे हा येथे स्वतंत्र धंदा कधीच नव्हता. क्वचित येणारे हे काम मोटारदुरुस्तीची सगळी विद्या पणाला लावणारे असल्याने त्याचा इतिहास या भागातील रस्त्याच्या आणि गॅरेजांच्या इतिहासातच शोधावा लागतो.

बोरघाटातील गाडीरस्ता 1830 मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि 1863 मध्ये लोहमार्ग घाट चढून गेला. मधल्या वर्षांत उतारूंना खोपोलीहून वर पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने जावे लागे, म्हणजे घाटाखाली थांबून वाहनाची आणि जनावरांची देखभाल करण्याची सवय या गावाला मोटारीच्या आधीपासूनची होती. मोटारी आल्यावर चढणीला तापलेल्या इंजिनात पाणी भरणे आणि उतारावर झिजलेले ब्रेक पाहणे ही कामे खोपोली, चौक व खालापूर या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील गावांकडे आली.

याच परिसराला विजेची आणखी एक ओळख फार लवकर झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे 1922 मध्ये सुरू झाले. डोंगरउतारावरून जाणाऱ्या वीजवाहिन्यांवर आकाशातील वीज पडणार हे गृहीतच धरावे लागते. त्यासाठी सर्वांत वर जमिनीशी जोडलेली तार ताणतात आणि तडितरोधक, म्हणजे जादा दाब जमिनीत वळवणारे साधन, बसवतात. मोटारीला असे कोणतेही साधन नसते. तिची भिस्त पत्र्याच्या अंगावरच असते.

मायकेल फॅरेडे यांनी 1836 मध्ये दाखवून दिले की धातूच्या पिंजऱ्यावर पडलेला विद्युतप्रवाह बाहेरच्या अंगाने जातो आणि आतील माणूस सुरक्षित राहतो. बंद टपाच्या मोटारीत माणसे वाचतात ती यामुळे, रबरी टायरांमुळे नव्हे, आणि म्हणूनच ताडपत्रीच्या हुडाच्या जीपमध्ये हे संरक्षण मिळत नाही. सुमारे तीस हजार अँपिअरचा हा प्रवाह बहुधा एरियलच्या टोकातून किंवा टपाच्या कडेतून शिरतो, रंगावर मोहरीएवढा वितळलेला डाग सोडतो, पत्र्यातून खाली उतरतो आणि चाकाच्या रिमपासून जमिनीपर्यंत ठिणगी टाकून निघून जातो. त्या उडीत टायर फाटतो, कधी मागची काच तडकते. चाकाच्या बेअरिंगमधून प्रवाह गेला असेल, तर गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि वरून धडधाकट दिसणारी गाडी काही दिवसांनी घुमल्यासारखा आवाज करू लागते.

जुन्या मोटारीत बिघडण्यासारखे विजेचे भाग मोजकेच होते. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटमध्ये इग्निशन कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डायनॅमो आणि त्याचा कटआउट एवढ्यावर कारभार चाले. कॉइल बॅटरीचे बारा व्होल्ट काही हजारांवर नेऊन प्लगला ठिणगी पुरवते, पॉइंट त्या ठिणगीची वेळ ठरवतो आणि कटआउट बॅटरीचा प्रवाह डायनॅमोत उलटा जाऊ देत नाही. मिस्त्री टेस्ट लॅम्प घेऊन एकेक तार तपासत जाई, जळके वायरिंग कापून नवे ओढी, पॉइंट घासून बसवी आणि बहुतेक गाड्या पुन्हा चालत्या करी. ही विद्या कोठे छापलेली नव्हती. ती हाताखाली काम करणाऱ्या पोराकडे पाहता पाहता जाई, आणि ती थोर होती.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण ईसीएम या संगणकाकडे गेले. त्याचे अनेक संवेदक, म्हणजे तापमान, दाब, वेग मोजणारे भाग, अवघ्या पाच व्होल्टवर चालतात. त्यामुळे वीज थेट न पडता शेजारच्या झाडावर पडली तरी तारांमध्ये उसळणारा दाब त्यांना पुरेसा घातक ठरू शकतो. 2019 मध्ये एबीएस आणि चालकाची एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली आणि अशा नाजूक पेट्यांची संख्या वाढली. टेस्ट लॅम्पची जागा स्कॅनरने घेतली. पण वीज पडलेल्या गाडीत कधी कधी ईसीएमच मुका होतो, स्कॅनर जोडूनही काही वाचता येत नाही, आणि मग फ्यूज, रिले, अर्थिंग, अल्टरनेटरचे डायोड या क्रमाने जुन्याच पद्धतीने चालावे लागते. पेटी बदलण्याआधी तार तपासणारा मिस्त्री मालकाचा मोठा खर्च वाचवतो, आणि केवळ भाग बदलणाऱ्या दुरुस्तीपेक्षा त्याची कारागिरी निःसंशय वरची आहे.

2002 च्या मोटार विमा टॅरिफमध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या कलमात आग, स्फोट यांच्याबरोबर आकाशातील विजेचाही स्पष्ट उल्लेख आहे; केवळ तृतीयपक्ष विमा असलेल्याला मात्र त्याचा लाभ मिळत नाही. वादळात सापडलेल्या वाहनमालकांनी गडगडाट थांबेपर्यंत काचा लावून आतच बसावे, नंतर डागांची व टायरची छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे, आणि गाडी धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न न करता बॅटरीची तार सोडून ती उचलूनच गॅरेजात न्यावी.