पाटीवरील शब्द : मराठी अन्नव्यवसायाच्या इतिहासाचे एक साधन

मराठीत ‘-णावळ’ हा प्रत्यय लागून सिद्ध झालेल्या नामांचा एक लहानसा गट आहे. धुणावळ म्हणजे धुण्याचे मोल, शिवणावळ म्हणजे शिवण्याचे मोल, लिहिणावळ म्हणजे लेखनिकाची मजुरी. एखाद्या क्रियेचे पैशांत ठरलेले मूल्य सांगणे हे या प्रत्ययाचे कार्य होय. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘खाणावळ’ हा शब्दही याच गटातला आहे. प्रथम खाण्याचे मोल आणि मग ते मोल देऊन जेथे खावयास मिळते ते ठिकाण, असा त्याचा अर्थविकास मानता येतो. आज रूढ असलेल्या ‘खानावळ’ या रूपातील ‘न’ हा फारसी ‘खाना’ या शब्दाच्या सान्निध्यामुळे आला असावा. याउलट ‘जेवणावळ’ हा दिसावयास तसाच, पण स्वभावाने अगदी निराळा शब्द आहे. तेथील ‘आवळ’ म्हणजे पंक्ती. जेवणावळीला यजमान असतो, खाणावळीला मालक असतो; पहिलीत निमंत्रण लागते, दुसरीत पैसा.

हा भेद नुसता शब्दकोशातला नव्हे. शिजविलेले अन्न विकणे ही गोष्ट ज्या समाजात दीर्घकाळ संशयास्पद मानली गेली, त्या समाजात अन्नाचा व्यवसाय उभा राहिला तो कोणत्या शब्दांच्या आधाराने, हे पाहण्याचा येथे विचार आहे. आपल्याकडे उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिताना भांडवल, यंत्र आणि बाजारपेठ यांकडे लक्ष दिले जाते. अन्नव्यवसायात मात्र एक चौथी गोष्ट होती आणि पुष्कळदा तीच निर्णायक ठरत असे: हे कोणाच्या हातचे? दुकानावरची पाटी हे या प्रश्नाचे जाहीर उत्तर असे.

अन्नविक्रीचा विस्तार कोरड्याकडून ओल्याकडे झाला, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. भडभुंज्याचे फुटाणे आणि चुरमुरे, हलवायाची मिठाई ही पूर्वापार विकली जात असत. भाजलेल्या व तळलेल्या पदार्थांना विटाळाचे नियम सैल होते. ‘फराळ’ हा शब्द मूळच्या ‘फलाहारा’पासून सरकत सरकत चिवडा-चकलीपर्यंत येऊन पोहोचला, त्यामागेही ही सैलपणाची सोय आहे. वरण, भात आणि भाकरी यांची गोष्ट वेगळी होती. पाण्यात शिजलेले अन्न परक्याच्या हातून घेणे म्हणजे त्याच्याशी पंक्तीचा संबंध जोडणे होते.

हा निर्बंध प्रथम मोडला, किंवा खरे म्हणजे वळसा घालून ओलांडला, तो गरजेने. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत कोकण व घाटावरून हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून गिरणगावात आले. त्यांना रोज दोन वेळ जेवू घालण्याचे काम मुख्यतः कामगारांच्याच घरांतील स्त्रियांनी पत्करले. एका खोलीत चूल, तीभोवती आळीपाळीने जेवणारे खाणेकरी, आणि पगाराच्या दिवशी हिशेब. गाव एक, जात बहुधा एक, म्हणून हातचे कोणाचे हा प्रश्न येथे उठतच नसे. खाणावळ ही एका अर्थी गावाच्या पंक्तीचीच, पण मोल घेऊन मांडलेली आवृत्ती होती. या स्त्रियांची गणना उद्योजकांत कोणी केली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कोठे सावकाराच्या वहीखेरीज दुसऱ्या एखाद्या वहीत त्यांची नावे चढली. १९८२ च्या गिरणी संपानंतर खाणेकऱ्यांची संख्याच ओसरत गेली, हे सर्वांस ठाऊक आहे.

पेयाची वाट निराळी होती. चहा हा नवा पदार्थ. त्याला शास्त्राधार नव्हता आणि स्पष्ट निषेधही नव्हता. तो वादग्रस्त झाला तो हातामुळे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात टिळक-रानडे प्रभृतींपुढे चहा-बिस्किटे आली, उपस्थितांची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आली, आणि ग्रामण्याचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा प्रश्न निर्माण झाला. एका पेल्याने एवढे वादळ उठविले, ते कशामुळे? मिशनच्या हातून तो आला म्हणून. पुढे तीन-साडेतीन दशकांनी त्याच पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी चहाची दुकाने मांडली आणि त्यांना ‘अमृततुल्य’ हे नाव दिले. संस्कृत समास, दुकानावर देवादिकांचे नाव, गल्ल्यावर ब्राह्मण: परदेशी पेयाच्या शुद्धीकरणाचा याहून कुशल व्यापारी उपाय सांपडणे कठीण. मुंबईतील इराण्यांनी हा खटाटोप केला नाही. त्यांना स्वतःला या सोवळ्याशी कर्तव्य नव्हते, आणि महानगरात गर्दीच इतकी होती की न येणाऱ्यांची उणीव त्यांना भासली नाही.

परंतु ज्याच्या हातचे घेण्यास बहुतेक सर्वांचाच नकार होता, त्याने दुकान मांडले तर काय? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापुरात मिळते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतील नोकर. सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केल्याच्या आरोपावरून तेथील इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज तेव्हा कोल्हापुराबाहेर होते. परतल्यावर त्यांनी दोषींस शिक्षा केली आणि गंगारामांस नोकरीतून मुक्त करून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. गंगारामांनी चहाचे दुकान काढले. त्याची पाटी होती ‘सत्यसुधारक हॉटेल’.

दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, आणि गिऱ्हाईक नव्हते. व्यापारशास्त्राच्या कोणत्याही नियमाने हा धंदा बुडावयास हवा होता. महाराज मात्र फेरफटक्याच्या वेळी आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवीत, चहा मागवीत आणि स्वतः पीत. गाडीत बसलेल्या सवर्ण सहकाऱ्यांपुढेही पेला येई. छत्रपती पीत असता नको म्हणणार कोण? महाराज १९२२ साली वारले. हा प्रकार त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांतला. या प्रसंगाकडे सामाजिक औदार्याची कथा म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. शाहूंना आज्ञा काढता येत होत्या आणि त्यांनी त्या काढल्याही; १९१९ साली सार्वजनिक स्थानी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले. पण चहा पिण्याची आज्ञा काढता येत नाही. गिऱ्हाइकाची पसंती ही कायद्याच्या कक्षेबाहेरची वस्तू आहे हे ओळखून राजा स्वतःच गिऱ्हाईक झाला, हे या घटनेचे मर्म होय. पाटीवरचा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘अमृततुल्य’ हे नाव चहाची थोरवी सांगते. ‘सत्यसुधारक’ हे आत पाऊल टाकणाऱ्याला त्याने कोण व्हावे हे सांगते.

त्या काळच्या इतर पाट्यांवर उत्तर अधिक उघड असे. ‘ब्राह्मणाचे हॉटेल’, ‘मराठा खानावळ’ अशी नावे चालत. बेळगाव-धारवाड-विजापूर भागात ‘लिंगायत खानावळी’ असत आणि अजूनही आढळतात. तेथे ‘खानावळि’ हा शब्द कन्नडने पूर्णपणे आपलासा केला आहे. हळूहळू जातिवाचक विशेषणाच्या जागी गुणवाचक विशेषण येऊ लागले. दादरला १९१० साली निघालेले मामा काणे यांचे दुकान ‘स्वच्छ उपाहारगृह’ म्हणून प्रसिद्धीस आले. ‘स्वच्छ’ हे आरोग्यशास्त्रातले विशेषण, ‘सोवळे’ हे धर्मशास्त्रातले. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की त्याचे काम तेवढे स्वतःकडे घेतले, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल. (‘उपाहारगृह’ हा शब्द पाट्यांवर बहुधा ‘उपहारगृह’ असा लिहिलेला आढळतो. उपहार म्हणजे भेटवस्तू. बिल हाती पडल्यावर हा समज टिकत नाही.)

बाटलीबंद आणि पुडीबंद मालाने हाच प्रश्न नव्या रीतीने सोडविला. गिरगावात १९१० साली दुकान काढणाऱ्या बेडेकरांचे मसाले व लोणची, भिलवडीस १९३९ साली दुधाचा धंदा सुरू करणाऱ्या चितळ्यांची उत्पादने, यांवर आडनाव हीच मुद्रा होती. मराठी वाचकास आडनावावरून हात कळतो. निराळे विशेषण लावण्याचे कारण पडत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला, त्यांच्या ‘लिज्जत’ या नावात मात्र आडनाव नाही, जात नाही, प्रांतही नाही. आहे तो केवळ चवीचा अरबी-फारसी शब्द. अनेक हातांनी लाटलेल्या पापडास एका हाताचे नाव देता येत नव्हते, हे त्याचे एक कारण असू शकेल. वडापावाची हकीकतही थोडी अशीच आहे. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकण्यास आरंभ केला असे सामान्यतः मानले जाते. पोर्तुगीजांच्या मागाने आलेला पाव एके काळी बाटविणारा पदार्थ समजला जात होता, याची आठवण तोवर पुसली गेली होती.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांस खुली केली आणि १९५५ च्या कायद्याने तेथील अस्पृश्यता दंडनीय झाली. जातीच्या नावाची पाटी सर्वत्र गेली नाही. पण दार अडविण्याचा अधिकार गेला. खेड्यांतील हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी पुढेही कित्येक वर्षे टिकली, याची साक्ष दलित आत्मकथनांत आहे. शहरांत याच काळात ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्दप्रयोग प्रतिष्ठित झाला. त्याची रचना चमत्कारिक आहे. ‘शुद्ध तूप’ म्हटले की भेसळीचे तूप गृहीत असते. ‘शुद्ध शाकाहारी’च्या विरुद्ध अशुद्ध शाकाहारी असे कोणी म्हणत नाही. म्हणजे येथे ‘शुद्ध’ हे पदार्थाचे विशेषण नसून चुलीचे आहे: तीवर दुसरे काही शिजत नाही, एवढे ते सांगते. पुडीवरील हिरव्या ठिपक्याने हे आश्वासन या शतकाच्या आरंभापासून कायद्याच्या चिन्हांत आणले.

घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्यांच्या काळात स्वयंपाकघर दृष्टीआड झाले आहे. ‘क्लाउड किचन’ला पाटी नसते. तेव्हा जुना प्रश्न संपला असेल असे वाटावे. पण मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने केवळ शाकाहारी अन्न नेणाऱ्या वाहकांचा हिरव्या गणवेशातील वेगळा ताफा जाहीर केला आणि टीका होताच दुसऱ्या दिवशी तो गणवेश मागे घेतला. पाटीची जागा अंगरख्याने घ्यावयाची होती. दरम्यान ‘घरगुती’ हे विशेषण मसाल्यापासून पुरणपोळीपर्यंत सर्वत्र पसरले आहे. कोणाचे घर, हे ते सांगत नाही. वाचणारा ते भरून घेतो. पुण्यात २०१७ साली सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी नेमलेल्या स्त्रीने जात लपविली अशी फिर्याद पोलिसांत गेली होती व पुढे ती मागे घेण्यात आली, हे त्या भरून घेण्याचे उदाहरण म्हणता येईल.

उलट दिशेचे प्रयत्नही झाले आहेत. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातील दलित समाजांच्या खाद्यपरंपरेवर ग्रंथ लिहिला आणि त्यास ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले; एका रूढ वचनातील विशेषणास नकारार्थी ‘अ’ जोडून त्यांनी पंक्तीबाहेरच्या ताटांचा हिशेब मांडला. दिल्लीत चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली ‘दलित फूड्स’ या नावाने लोणचे, हळद, मिरचीपूड विकावयास काढली. ज्या शब्दाने गिऱ्हाईक पळावे तोच शब्द त्यांनी पुडीवर छापला. कोल्हापुरातील पाटीत दुकानदाराची जात अध्याहृत होती आणि गिऱ्हाइकाचे कर्तव्य उक्त होते. येथे जात उक्त आहे आणि कर्तव्य अध्याहृत.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. जुन्या दिवाळी अंकांतील जाहिराती, नगरपालिकांची परवाना-नोंदवहीपत्रके, बंद पडलेल्या खाणावळींच्या हिशेबाच्या वह्या आणि बाजारपेठांची जुनी छायाचित्रे यांतून पाट्यांची तालुकावार सूची तयार करता येईल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून आरंभ करावा, विशेषतः एस. टी. स्थानकासमोरच्या रस्त्यापासून, कारण तेथे पाट्या सर्वांत लवकर बदलतात.