‘बापरे!’ : एका हाकेचा इतिहास



पाताळगंगेकाठच्या आमच्या आपटा गावी १९६६ साली पनवेलहून आगगाडी आली. ते धूड पाहून पुरुष ‘बापरे!’ म्हणाले आणि बायका ‘अगो बाय!’ म्हणाल्या, असे आम्ही घरातल्या थोरांकडून ऐकले आहे. आज या ‘बापरे’चाच विचार करू.

व्याकरणकार त्याला केवलप्रयोगी अव्यय म्हणतात. म्हणजे वाक्याशी त्याचे नाते नाही. पण माणसाशी आहे. ‘बाप’ आणि ‘रे’ वेगळे केले, की ‘अरे बापा!’ ही उघड हाक ऐकू येते. आपल्याहून मोठे काही समोर आले, की माणूस घरातल्या मोठ्याला हाक मारतो. ठेच लागली की ‘आई गं!’ म्हणतो. दूर इटलीतला माणूसही नवल वाटले की ‘मम्मा मिया’, म्हणजे ‘माझे आई’, असेच म्हणतो. आश्चर्यात भीतीचा अंश असतो, म्हणून त्यात आधाराची याचना असते.

ही हाक साहेबाने कशी ऐकली? यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली छापून आला. त्यात इंग्रजीतल्या ‘बॉबरी’ या शब्दाचे मूळ ‘बाप रे’ असे दिले आहे. आणि ‘बॉबरी’चा अर्थ काय? गोंगाट, दंगा! खुद्द कोशाचे नावही असेच घडले. मोहरमात ‘या हसन! या हुसेन!’ असा शोक चाले; गोऱ्या शिपायांच्या कानी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. बोलणाऱ्याचे दुःख गेले, ऐकणाऱ्याचा गोंगाट तेवढा उरला.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. शब्द शिकलो ते पाळीच्या भोंग्याखाली. एका कारखान्यात पगारातली कपात पाहून एक म्हातारा कामगार ‘बापरे!’ म्हणून मटकन खाली बसला. भोवती चार माणसे जमली. वरिष्ठांच्या कागदावर नोंद झाली : ‘कामगारांनी गडबड केली.’ तेव्हा तो जुना कोश आम्हांला नीट समजला.

साहेब गेला, त्याचे कान मात्र पुष्कळांनी ठेवून घेतले आहेत. म्हणून एवढेच मागणे : शेजारी कोणी ‘बापरे’ म्हणाला, तर त्याला गप्प करण्याआधी विचारा, ‘काय झाले रे बाबा?’ त्याने हाक मारली आहे. तिला ओ द्या.