मुंबापुरीची चित्रस्थळे

एकोणिसाव्या शतकातील मुंबईची छायाचित्रे चाळू लागले, की टाऊन हॉलच्या पायऱ्या, मलबार टेकडीवरून दिसणारा बॅक बेचा अर्धचंद्र, वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आणि कोटाबाहेरचे विस्तीर्ण मैदान ही स्थळे निरनिराळ्या हातांनी व निरनिराळ्या दशकांत पुनःपुन्हा टिपलेली आढळतात; आणि ज्या भुलेश्वर-काळबादेवीच्या गल्ल्यांत या नगरीची प्रजा जन्मली, व्यापारउदीम करून नांदली व निवर्तली, त्या गल्ल्या मात्र बहुधा गैरहजर असतात. याचे खापर केवळ साहेबलोकांच्या अभिरुचीवर फोडले जाते. अभिरुचीचा अंश त्यात होताच. परंतु माझ्या मते स्थळांची ही निवड अभिरुचीइतकीच पाण्याने, उन्हाने आणि रसायनाने केलेली होती, आणि ही गोष्ट ध्यानी घेतल्यावाचून त्या चित्रांचा अर्थ नीट लागत नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या सोसायटीच्या कार्यकारी मंडळात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी कोटात रॅम्पार्ट रोवर स्वतःचे चित्रालय थाटले होते. तेव्हा ही कला येथे केवळ परक्यांच्या हाती राहिली असे म्हणता येणार नाही. या मंडळींच्या हाती जी पद्धती होती, ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियनचा चिकट द्रव एकसारखा पसरावयाचा, ती अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून उघडावयाची, आणि ती वाळण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन धुवावयाची: हा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तर काच विलायतेहून कितीतरी लवकर सुके. म्हणून चित्रकाराला कॅमेऱ्यापासून हाकेच्या अंतरावर काळोखी तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा हवी, मुबलक पाणी हवे, आणि काच उघडी असेतो हलणार नाही असे काहीतरी समोर हवे. गजबजलेल्या बाजारात यांपैकी एकही गोष्ट मिळणे दुरापास्त. तेथून जाणारा हमाल काचेवर धुरकट रेघ होऊन उमटे, किंवा मुळीच उमटत नसे.

मलबार टेकडी या दृष्टीने आदर्श होती. तेथे उभे राहून पूर्वेकडे शहर पाहिले, की दुपारनंतरचा सूर्य आपल्या पाठीशी असतो, आणि खाडीपलीकडच्या इमारतींवर सरळ ऊन पडते. टाऊन हॉलचे मुखही पश्चिमेस असल्यामुळे त्याचे खांब मावळतीकडे उजळतात. 1899 साली सावेदादा भाटवडेकर यांनी आपल्या चलच्चित्रासाठी कुस्ती लावली तीही याच टेकडीवर, हँगिंग गार्डनमध्ये; उघड्या उन्हाची गरज त्यांनाही तितकीच होती.

पुढे सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत, 1860 नंतरच्या दशकात, कोटाची तटबंदी पाडली गेली आणि कॅमेऱ्याला नवी क्षेत्रे खुली झाली. 1878 साली राजाबाई टॉवर पुरा झाला, तेव्हा तर 280 फूट उंचीचे एक व्यासपीठच लाभले. तेथून पश्चिमेकडे घेतलेल्या जुन्या चित्रांत ओव्हल मैदान, त्याच्या कडेची आगगाडीची सडक आणि तिला लागूनच समुद्र दिसतो. पुढे भर घालून मरीन ड्राइव्ह झाला आणि तो किनारा नाहीसा झाला. त्याचा इतका निर्विवाद दस्तऐवज सरकारी दप्तरातही क्वचितच सापडेल.

मात्र 1863 या एका वर्षापाशी मला नेहमी थबकावेसे वाटते. मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा विल्यम जॉन्सन याचा पहिला खंड त्या साली निघाला. त्यातील माणसे चित्रालयात उभी करून टिपलेली आणि पाठीमागची स्थळे अन्यत्र टिपलेली. दोहोंच्या काचा जुळवून एक चित्र सिद्ध केलेले. बारकाईने न्याहाळले, तर आकृती पायाखालच्या भूमीवर खरोखर उभी आहे असे वाटत नाही. त्याच साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, आणि त्यात बाजार, देवळे, तलाव, रस्ते व माणसे एकत्र, आपापल्या ठिकाणी नांदताना दिसतात. कॅमेऱ्याला जे साधले नाही ते एका मराठी गृहस्थाच्या लेखणीने साधले, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटतो.

1880 च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात येऊ लागल्या, तंबूची अडचण सरली, आणि गल्ली एकदाची आटोक्यात आली. परंतु कॅमेरा सरकारी लवाजम्यासह वस्तीत शिरला तो दुर्दैवाने प्लेगच्या निमित्ताने. 1896 साली मांडवीत साथ उद्भवली, दुसऱ्या वर्षी जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली, आणि कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याने घरझडत्यांची व इस्पितळांची चित्रे घेतली. त्या चित्रांत माणसे आपल्याच दारात परक्यासारखी उभी आहेत. 1898 साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, आणि प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड काढण्यासाठी दाट वस्तीतून वाट पाडण्यात आली.

तथापि सारेच गेलेले नाही. भुलेश्वराच्या परिसरात कोरीव लाकडी तीरांवर तोललेले सज्जे अजून आहेत. तेथे सकाळचे वा सायंकाळचे ऊन गल्लीच्या तळाशी पोहोचत नाही. माध्यान्हीच्या सुमारास, थोडा वेळच, ते फरशीपर्यंत उतरते आणि तिच्यावरून परावर्तित होऊन सज्ज्यांच्या खालच्या नक्षीवर पडते. छायाचित्रकार सहसा ही वेळ टाळतात. या गल्ल्यांत मात्र तीच साधावी, आणि जमल्यास माडगांवकरांचे पुस्तक बरोबर असू द्यावे.