पत्रांचा मध्यस्थ : हेन्री ओल्डेनबर्ग

विद्वानांच्या वादात पत्रे पोचविणाऱ्याची गणना सहसा कोणी करीत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याची मात्र करावी लागते. हा मूळचा ब्रेमेनचा, अनेक भाषांचा जाणकार. युरोपभरची पत्रे तो वाची, भाषांतरित करी आणि निवडक मजकूर १६६५ पासून 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापी. १६६७ मध्ये त्यास टॉवरची कैदही घडली. परदेशी पत्रव्यवहार तेव्हा संशयास्पदच होता.

पत्रातील कोणता शब्द पुढे जाऊ द्यावा, हा त्याच्या कामातील खरा पेच होय. १६७२ मध्ये न्यूटनच्या प्रकाशविषयक निबंधावर आक्षेप आले, तेव्हा उत्तरात आक्षेपकांची नावे गाळावीत, असे त्याने न्यूटनला सुचविले. वाद मताशी असावा, हा हेतू उघड आहे. हूकचा रोष मात्र त्याने शमला नाही.

१६७५ मध्ये ह्यूगेन्सच्या घड्याळातील सर्पिल कमानीचे वर्णन ओल्डेनबर्गने छापले. आपली कल्पना त्यानेच परदेशी पोचविली, असा हूकचा आरोप होता. १६७६ मध्ये सोसायटीच्या कौन्सिलने ओल्डेनबर्गची बाजू घेतली. तथापि त्या कमानीच्या इंग्लंडमधील पेटंटाचा हक्क ह्यूगेन्सने सोसायटीला वा ओल्डेनबर्गला देऊ केला होता, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. पत्रे निवडणाऱ्याचा लाभ त्याच पत्रांत गुंतला, की त्याच्या निःपक्षपातीपणाला कौन्सिलची ग्वाही पुरत नाही.

१६७७ मध्ये तो वारला. न्यूटन व लायब्निट्स यांची १६७६ मधील गणितविषयक पत्रे त्याच्याच हातून गेली होती. १७१२ मध्ये श्रेयाच्या वादात सोसायटीच्या समितीने ती पुराव्यादाखल पुढे केली.